धक्काशोषक: नावातच दडलेला गैरसमज

पुस्तकी मराठीत ज्याला धक्काशोषक म्हणतात आणि गॅरेजात ज्याला नुसते ‘शॉक’ किंवा ‘शॉकॲप’ म्हटले जाते, त्या नळकांड्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्याच्या नावापासूनच सुरू होतात, कारण रस्त्याचा धक्का शोषून घेणे हे मुळात त्याचे काम नाही. चाक दगडावर चढते तेव्हा तो धक्का स्प्रिंग अंगावर घेते. मात्र साठवलेली ऊर्जा ती लगेच परत करते, आणि तिला आवरणारे काही नसेल तर गाडी बराच वेळ वरखाली हेलकावत राहते. हे हेलकावे शमवणे, म्हणजेच भौतिकशास्त्राच्या भाषेत अवमंदन, हे शॉकचे काम होय. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या सरकतो, त्याच्या बारीक छिद्रांतून व त्यांवर बसवलेल्या पातळ पोलादी चकत्यांमधून तेल रेटले जाते, आणि गतीची उष्णता होते. कच्च्या वाटांवर चालणाऱ्या पिकअपसाठी शॉक निवडताना सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच, की ही निवड प्रामुख्याने उष्णतेची व्यवस्था कशी लावायची याची आहे.

सामान लादल्यावर गाडी मागून बसते म्हणून जाड शॉक टाकावेत, हा समज सर्वत्र आढळतो. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअपमध्ये मागचा भार पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, पेलतात, शॉक नव्हे. वायू भरलेला शॉक थोडा वर रेटतो हे खरे, पण तो रेटा किती? दांडा १४ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.५ चौरस सेंटिमीटर भरते, आणि आतील नायट्रोजनचा दाब २० बार धरला तरी हा रेटा जेमतेम ३० किलो वजनाइतका होतो. लोखंडी बंपर, छतावरचा तंबू आणि पाण्याची पिंपे कायमची वाहायची असतील तर आधी पाटे त्या वजनाला साजेसे करावेत, आणि शॉक त्या पाट्यांना अनुरूप निवडावेत. पुढच्या बाजूस मात्र घोटाळ्याला जागा आहे, कारण तेथे शॉक व गुंडाळी स्प्रिंग एकाच जोडणीत असतात आणि काही शॉकवर स्प्रिंगची बैठक वर सरकवता येते. त्यामुळे गाडी उंचावते, पण ती बैठकीमुळे, तेलामुळे नव्हे. शिवाय चाकाला खाली लोंबण्यासाठी उरणारी जागा तेवढीच घटते आणि पुढच्या ॲक्सलचे सांधे अधिक तिरके चालू लागतात.

कडक शॉक म्हणजे दणकट शॉक, हा दुसरा गैरसमज. शॉकचा रोध दट्ट्या किती अंतर सरकला यावर नव्हे, तर तो किती वेगाने सरकतो यावर अवलंबून असतो. वळणावर गाडी कलते तेव्हा दट्ट्याचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर असतो, तर दगडावर आदळताना तो सेकंदाला १ मीटरच्याही पुढे जातो. या दोन्ही वेगांना वेगवेगळा रोध देणे यातच झडपांच्या मांडणीचे खरे कसब आहे. शॉकचा उलगडतानाचा रोध फाजील असला तर काय घडते, हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडसारख्या, पन्हाळी पत्र्याप्रमाणे लाटा उठलेल्या रस्त्यावर कळते. एका लाटेने दाबले गेलेले चाक पूर्ण खाली येण्याआधीच दुसरी लाट येते, गाडी हळूहळू खाली बसत जाते, आणि अखेरीस मऊ चालीची जागा चाकाची धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यांवरचे थेट आदळणे घेते.

याच रस्त्यावर उष्णतेचा प्रश्न उघडा पडतो. तेल तापून पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो आणि रोध घटतो. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बूर्सिये द कार्बों यांच्या कल्पनेवर आधारलेला एकनळी शॉक जर्मनीच्या बिलश्टाइनने १९५० च्या दशकात उत्पादनात आणला, तो या दुखण्यावर उपाय म्हणून. त्यात सरकत्या पडद्यापलीकडे उच्च दाबाचा नायट्रोजन असतो, त्यामुळे तेल व वायू मिसळत नाहीत, आणि नळी थेट वाऱ्यावर असल्याने ती लवकर निवते. पण म्हणून दुनळी, म्हणजे एका नळीत दुसरी नळी असलेला, शॉक टाकाऊ ठरत नाही. दगड लागून त्याची बाहेरची नळी चेपली तरी आतला दट्ट्या बहुधा चालत राहतो, तर एकनळी शॉकला तसाच पोचा पडला की दट्ट्या तेथेच अडतो.

वेगळी बाटली जोडलेला शॉक पाहिला की तो श्रेष्ठच असणार असे मानले जाते. ही बाटली रोध वाढवत नाही. ती जास्त तेल सामावते आणि वायूचा कप्पा नळीबाहेर नेऊन दट्ट्याला लांब धाव देते. त्यापेक्षा दट्ट्याचा व्यास पाहणे अधिक उपयुक्त ठरते, कारण ४६ मिलिमीटरच्या जागी ६० मिलिमीटरचा दट्ट्या आला की क्षेत्रफळ सुमारे १.७ पट होते, आणि तेवढाच रोध कमी दाबात मिळतो. रोज शहरात फिरणाऱ्या आणि महिन्यातून एकदा घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटेने जाणाऱ्या गाडीला बाटलीची गरज क्वचितच पडते. फोर्डने २०१० च्या रॅप्टर पिकअपमध्ये फॉक्स कंपनीचे, मधल्या टप्प्यात सैल व टोकांशी घट्ट होत जाणारे शॉक दिले, पण त्यांच्या जोडीला डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर वाढवले आणि चाके धरणाऱ्या लांब भुजाही रचल्या. त्या भुजांशिवाय तसल्या शॉकचे निम्मे मोलही हाती लागत नाही.

लांब शॉक घेतला की चाकाची धाव आपोआप वाढते, हेही खरे नाही. चाक पूर्ण वर असताना आणि पूर्ण लोंबताना दोन्ही टोकांच्या बोल्टांमधील अंतर टेपने मोजावे लागते. दाबलेला शॉक रबरी ठोकळ्याआधी तळाला लागला तर बोल्टची पकड तुटते, आणि तो गरजेपेक्षा जास्त उलगडला तर ब्रेकची नळी ताणली जाते. भारतात याला कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला. त्यामुळे मूळ उंची राखून शॉक निवडणेच शहाणपणाचे.

बंपर दाबून गाडी किती वेळा डोलते यावरून शॉकची पारख करण्याची जुनी रीत अपुरी आहे, कारण पाट्यांमधील घर्षणच ते डोलणे बरेचसे थांबवते. दांड्यावर तेलाचा पुसट ओलावा असणे हाही दोष नव्हे. नळीवरून ओघळ उतरत असेल तर तो दोष. खडबडीत वाटेवर अर्धा तास चालवून झाल्यावर तापमापकाने एकाच ॲक्सलवरील दोन्ही शॉकचे तापमान पाहिल्यास अधिक विश्वासार्ह उत्तर मिळते, कारण जोडीतला जो शॉक थंड राहिला, त्याने तेवढ्या वेळात काहीच काम केलेले नसते.