रस्ता, वाडी आणि ग्रामसभा

नागरिकशास्त्राच्या पाठात ग्रामपंचायतीची कर्तव्ये शिकविताना रस्ते, मोऱ्या, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, आरोग्य अशी नामावली फळ्यावर लिहिली जाते आणि मुले ती पाठही करतात. परंतु या कामांपैकी कोणते आधी व कोणते मागाहून करावयाचे, हे कोण ठरवितो, कोणत्या मापाने ठरवितो आणि ते माप अपुरे असल्यास काय घडते, हा भाग बहुधा सांगावयाचा राहून जातो. वस्तुतः लोकशाही कारभाराचे मर्म याच भागात आहे. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील चौक गाव व त्याचा परिसर यांच्या उदाहरणाने हा विषय चांगला स्पष्ट करता येतो.

चौक आणि डोंगरावरील वाडी

चौक हे वाटांच्या संगमावर वसलेले गाव आहे. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून पनवेलहून खोपोलीकडे व तेथून घाटमाथ्यावर जाणारी वाहतूक चौकावरून होत आली. येथूनच कर्जतकडे फाटा फुटतो. पनवेल-कर्जत लोहमार्गावर चौक हे स्थानक आहे. 2002 साली पूर्णपणे खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही याच पट्ट्यातून जातो. जवळच्या मोरबे धरणाचे पाणी नळाने नवी मुंबईस पोहोचते. दळणवळणाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचे ठिकाण कोकणात क्वचितच सापडेल.

याच चौकाच्या डोक्यावर इर्शाळगड उभा आहे. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची ठाकर समाजाची सुमारे सव्वादोनशे वस्तीची वाडी होती. खालून हमरस्त्यावरील गाड्यांचे दिवे दिसत. पण वाडीस जावयाचे तर पायवाटेने तासाहून अधिक चढण चढावी लागे. बाजारहाट, रेशनचे धान्य, आजारी माणूस, बाळंतीण, सारे याच वाटेने, बहुधा कोणाच्या तरी खांद्यावरून येत-जात असे.

19 जुलै 2023 रोजी रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा सुटून वाडीवर कोसळला. वाडीच्या शाळेत त्या रात्री थांबलेली काही मुले बचावली व त्यांच्यामुळे खाली वार्ता पोहोचली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मदतीची पथके रात्रीच निघाली. परंतु ढिगारा उपसण्याची यंत्रे वर नेता येईनात, आणि हवामानामुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग होईना. कुदळी, फावडी व घमेली यांवर सारे काम करावे लागले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने मरण पावले. 23 जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते व 57 माणसे सापडलेली नव्हती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. रस्ता असता तर दरड कोसळली नसती, असे म्हणता येणार नाही. ती क्षणार्धात आली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. रस्त्याच्या अभावाचा परिणाम दरडीनंतरच्या चार दिवसांत ठळकपणे दिसला, इतकेच. तत्पूर्वीच्या कित्येक वर्षांत तो दररोज होतच होता, फक्त कोणाच्या नजरेस येत नव्हता. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथे एस.टी. जात असे, आणि गाव जागेवर नाही ही बातमी प्रथम एस.टी.च्या चालकानेच बाहेर आणली. रस्ता हा केवळ माणसांची व मालाची ने-आण करीत नाही. तो वस्तीची खबर जगाला देतो व जगाची मदत वस्तीपर्यंत आणतो.

रस्ता कोणाच्या ताब्यात असतो?

मुलांना सर्व रस्ते सारखेच दिसतात. कारभारात मात्र त्यांचे मालक निरनिराळे असतात. 1943 साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची जी वर्गवारी सुचविली, तिच्यावरच आजची व्यवस्था उभी आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतात. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग यांचा भार राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही जिल्हा परिषदेची जबाबदारी, आणि गावठाणातील गल्ल्या व अंतर्गत वाटा ही ग्रामपंचायतीची.

चौकात उभे राहिले असता या बहुतेक सर्व पायऱ्या थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. गावकरी खड्ड्याची तक्रार घेऊन ग्रामपंचायतीकडे जातात आणि रस्ता भलत्याच खात्याचा निघतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी रस्त्याची जात ओळखणे ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे रस्त्याची नोंद. जो रस्ता जिल्ह्याच्या रस्ते विकास योजनेत दाखल होऊन क्रमांक पावला, त्यावर खर्च करणे सुलभ जाते. ज्या वाटेची अशी नोंद नाही, ती कितीही वापरातली असली तरी कागदावर ती वाट नसतेच. डोंगरावरील वाड्यांच्या पायवाटा बहुधा याच प्रकारात मोडतात.

निर्णयाच्या पायऱ्या

जिल्हा परिषद व पंचायत समिती यांचा कारभार वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर झालेल्या 1961 च्या अधिनियमाने 1 मे 1962 पासून सुरू झाला. ग्रामपंचायतींचा मूळ अधिनियम 1958 चा आहे. 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. त्या वेळी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत रस्ते, मोऱ्या, पूल, पिण्याचे पाणी व प्राथमिक शिक्षण हे शेजारी शेजारी नांदतात.

या साऱ्याच्या पायाशी ग्रामसभा आहे. गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सभासद असते. सभेस एकूण मतदारांच्या शेकडा 15 किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. गावाचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो व तेथे कामांचा अग्रक्रम ठरतो. ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरची कामे पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद व जिल्हा नियोजन समिती यांच्याकडे जातात.

पैशाची मर्यादाही विद्यार्थ्यांस समजली पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात ग्रामपंचायतींस मिळालेल्या अनुदानापैकी शेकडा 60 भाग पाणी व स्वच्छता यांसाठी राखीव होता. उरलेल्या 40 भागांतूनच रस्ते, दिवे, शाळेची दुरुस्ती इत्यादी स्थानिक गरजा भागवावयाच्या होत्या. हात आखडता घ्यावा लागणार, हे ओघानेच आले. म्हणूनच तोलणे आवश्यक होते. आणि तोलावयाचे म्हटले की तराजू कोणता, हा प्रश्न उभा राहतो.

माप कोणते घ्यावे?

रस्त्यांच्या योजनांत सर्वांत सोपे माप म्हणजे लोकसंख्या. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने सपाट प्रदेशात पाचशे, तर डोंगरी राज्ये, वाळवंटी मुलूख व अनुसूचित आदिवासी क्षेत्रे येथे अडीचशे वस्ती ही रेषा आखली. या रेषेमुळे देशातील असंख्य गावे बारमाही रस्त्याने जोडली गेली, हे निर्विवाद होय. पण सव्वादोनशे वस्तीची वाडी यांपैकी कोणत्याही रेषेच्या खालीच राहते, हेही तितकेच खरे. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल आदिवासी समाजांच्या वस्त्यांसाठी ही रेषा शंभरापर्यंत खाली आणण्यात आली. यावरून इतके कळते की रेषा ही देवाने आखलेली नसते. माणसे ती विचारपूर्वक बदलू शकतात.

लोकसंख्येखेरीज दुसरे माप कसे लावावे, हे वरच्या वर्गांत हिशेबाने दाखविता येईल. समजा, ग्रामसभेपुढे दोन कामे आहेत. पहिले, बाजाराजवळील रस्त्याचे डांबरीकरण. त्याचा लाभ 2,000 माणसांस होऊन प्रत्येकाची दररोज 5 मिनिटे वाचतात. दुसरे, 150 वस्तीच्या वाडीच्या ओढ्यावरील साकव. तो नसल्याने पावसाळ्याचे 120 दिवस वाट बंद राहते. मोजक्या डोक्यांचा विचार केला तर पहिले काम सरस ठरते. आता वाचणारा वेळ मोजावा. पहिल्या कामाने वर्षाकाठी 2,000 × 5 × 365 म्हणजे 36,50,000 मिनिटे वाचतात. आठ तासांचा दिवस धरल्यास हे सुमारे 7,600 माणूस-दिवस होतात. दुसऱ्या कामात वाडीतील निम्म्याच लोकांचा दिवस बुडतो असे धरले, तरी 75 × 120 म्हणजे 9,000 माणूस-दिवस होतात. संख्येने लहान दिसणारे काम फलाने मोठे निघते. शिवाय साप चावलेल्या मुलाच्या किंवा अडलेल्या बाईच्या एका रात्रीचा हिशेब या आकड्यांत आलेलाच नाही.

तिसरे माप टिकाऊपणाचे. कोकणातील पावसात डांबराचा खरा वैरी वाहन नसून पाणी आहे. रस्त्यास मध्यभागी उंचवटा, दोन्ही बाजूंस वाहते गटार व ओहोळाच्या जागी पुरेशी मोरी नसेल, तर नवा रस्ता दोन पावसाळेही काढीत नाही. गटाराविना रस्ता करणे म्हणजे पैसा ओढ्यात सोडण्यासारखेच होय. डोंगरावर तर हा विचार अधिकच निकडीचा. कारण उतार बेफिकिरीने तोडल्यास त्याचा पाया सैल होतो, आणि वाडीस आधार म्हणून केलेला रस्ताच दरडीस कारण होऊ शकतो. अशा ठिकाणी गाडीरस्ता, पक्की पाखाडी, साकव, की लोकांच्या संमतीने सुरक्षित जागी वस्तीच हलविणे, हे सर्व पर्याय समोर ठेवून निर्णय व्हावयास हवा. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांना प्रथम तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले व पुढे चौकजवळ सिडकोमार्फत 44 घरांची वसाहत उभारण्यात आली. जे घडल्यानंतर करावे लागले, ते घडण्यापूर्वी चर्चेस यावे, हाच अशा सभांचा हेतू असतो.

वनजमिनीची अडचण व तिची वाट

वाडीचा रस्ता वनजमिनीतून जातो, सबब तो होणे नाही, असे उत्तर अनेकदा मिळते. परंतु 2006 च्या वनहक्क अधिनियमात यावर तरतूद आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी, वीजवाहिन्या व रस्ते अशा तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. तोडावी लागणारी झाडे हेक्टरी 75 हून अधिक नसावीत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या अटी आहेत. म्हणजे या कामात ग्रामसभेचा ठराव हा उपचार नसून दाराची किल्लीच आहे. ठराव नसेल तर पुढील कार्यालयांस विचार करावयास विषयच उरत नाही.

शाळेचे कार्य

शिक्षकाने ग्रामसभेत कोणाची बाजू घ्यावी, अशी अपेक्षा नाही. त्याचे कार्य यापेक्षा मूलभूत आहे. ज्या वाडीचा आवाज सभेत पोहोचत नाही, तिची मुले मात्र शाळेत पोहोचतात. निदान पोहोचावयास हवीत. शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर ठरविताना चढण आणि ओढा नकाशावर दिसत नाहीत. शिक्षकाच्या हजेरीपटावर ते दिसतात. जुलैमध्ये कोणत्या वाडीची मुले किती दिवस गैरहजर राहिली, हा आकडा ग्रामसभेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा पुरावा ठरू शकतो.

या विषयावरील पाठासाठी पुढील कामे सुचविता येतील.

1. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात डांबरी रस्ता, कच्चा रस्ता व पायवाट निरनिराळ्या रंगांत दाखवावी, आणि प्रत्येक रस्ता कोणत्या संस्थेचा ते लिहावे.

2. प्रत्येक वाडीपासून शाळा, आरोग्यकेंद्र, रेशनचे दुकान व एस.टी. थांबा येथवरचे अंतर किलोमीटरमध्ये व चालण्याच्या मिनिटांत, अशा दोन्ही प्रकारे नोंदवावे. दोहोंतील फरकावर चर्चा करावी.

3. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटांची दिनदर्शिका वर्गात लावावी व वाट बंद असलेला प्रत्येक दिवस तीवर खुणावा.

4. वर्गात ग्रामसभा भरवावी. ठरावीक रक्कम देऊन तीन कामांतून एकाची निवड करावयास सांगावे. कोणत्याही बाजूने बोलणाऱ्याने कारण दिलेच पाहिजे, हा नियम असावा. वाडीची बाजू गावठाणातील मुलांनी व गावठाणाची बाजू वाडीतील मुलांनी मांडावी.

या शेवटच्या खेळाचे महत्त्व विशेष आहे. बहुमताने निर्णय घेणे ही लोकशाहीची रीत खरी. पण ज्यांची मते थोडी त्यांची गरजही थोडीच, असे मानणे हा तिचा विपर्यास होय. हा भेद ज्या मुलास दहाव्या-अकराव्या वर्षी कळला, तो पुढे सरपंच होवो, अभियंता होवो की साधा मतदार राहो, डोंगरावरच्या वाडीचा विषय कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी पडू देणार नाही.