व्हॉइसमेलची किल्ली कोणाच्या हाती?

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, व्हॉइसमेलवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. यंत्र कसं जोडायचं हे मी सांगणार नाही. त्या यंत्राची किल्ली कोणाकडे असावी, एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी शब्द स्पष्ट करू. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला एमआयडीसी आहे. मोठ्या कारखान्यात फोन लावला आणि समोरच्याने उचलला नाही, तर निरोप ठेवायला सांगणारा आवाज येतो. तो ठेवलेला निरोप म्हणजे व्हॉइसमेल. हाच निरोप टेबलावरच्या फोनवर, ईमेलमध्ये आणि मोबाइलवर मिळायला लागला की त्याला युनिफाइड मेसेजिंग म्हणतात. हे सगळं चालवायला जे खास खातं लागतं, ते अ‍ॅडमिनचं खातं. नव्या माणसाला मेलबॉक्स देणं, विसरलेला पिन बदलून देणं, नोकरी सोडून गेलेल्याचा मेलबॉक्स बंद करणं, ही त्याची कामं.

आता बऱ्याच ठिकाणी होतं काय? यंत्रणा बसवणारा कंत्राटदार 'अ‍ॅडमिन' नावाचं एकच खातं करून देतो. त्याचा पासवर्ड आयटीतल्या दोघांना माहीत, रिसेप्शनवरच्या बाईंना माहीत आणि कंत्राटदाराच्या पोरालाही माहीत. काम अडत नाही, म्हणून सगळे खूश.

समजा, एका कामगाराने सुपरवायझरविरुद्धची तक्रार एचआरच्या मेलबॉक्समध्ये बोलून ठेवली. दोन दिवसांनी बघतात तर निरोपच नाही. नोंदी काढल्या. मधल्या रात्री त्या मेलबॉक्सचा पिन बदललेला. बदलला कोणी? नोंद सांगते, 'अ‍ॅडमिन'ने. म्हणजे चौघांपैकी कोणीही. मग संशय कोणावर जातो? तुम्हीच सांगा. सगळ्यात खालच्या माणसावर, त्या कंत्राटदाराच्या पोरावर.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात गायजीसच्या अंगठीची गोष्ट येते. एका मेंढपाळाला अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. प्रश्न असा, की कोणी बघणारच नसेल तर माणूस नीट वागेल का? सामायिक अ‍ॅडमिन खातं ही तशीच अंगठी आहे. पण इथे एक गोष्ट त्याहून वाईट आहे बघा. गोष्टीत फक्त अंगठी घालणारा अदृश्य होतो. इथे निर्दोष माणूससुद्धा अदृश्य होतो. 'हे मी केलं नाही' हे सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. नोंद ठेवणं म्हणजे माणसावर अविश्वास, असं आपल्याला वाटतं. खरं तर प्रामाणिक माणसाचा तोच पहिला साक्षीदार असतो.

म्हणून पहिला नियम: खातं माणसाच्या नावाने असावं. चार माणसं तर चार खाती.

दुसरा नियम: अधिकार वाटलेला असावा. सिस्कोची युनिटी कनेक्शन ही यंत्रणा घ्या. तिच्यात तयार भूमिका आहेत. हेल्प डेस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड-पिन बदलतो आणि अडकलेलं खातं उघडतो. ग्रीटिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर स्वागताचे संदेश बदलतो. ऑडिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नोंदींची व्यवस्था बघतो. सगळं करू शकणारा तो सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. रिसेप्शनवरच्या बाईंना दिवाळीच्या सुट्टीचा संदेश बदलायचा असेल, तर त्यांना ग्रीटिंगची भूमिका पुरते. सगळं घर कशाला उघडून द्यायचं?

पिन बदलणं मात्र किरकोळ समजू नका. ब्रिटनमधलं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक दुसऱ्यांचे व्हॉइसमेल चोरून ऐकण्याच्या प्रकरणामुळे जुलै २०११ मध्ये बंद पडलं. त्या काळात कंपनीने दिलेला मूळ पिन लोक बदलतच नसत, आणि फोन कंपनीला थापा मारूनही पिन मिळवले जात. पिन बदलून देणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचं खाजगी बोलणं असतं, ते असं.

दोघांच्या संमतीची पद्धत दौंडकरांना समजावून सांगायला नको. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. भारतातल्या एकेरी मार्गांवर टोकनची पद्धत होती. टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे, आणि पुढच्या स्टेशनच्या मास्तरने साथ दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून टोकन निघत नसे. मास्तर अप्रामाणिक आहे असं कोणी मानत नव्हतं. एकट्याची चूक शेकडो जिवांवर बेतू नये, एवढाच हेतू.

तिसरा नियम: दिलेला अधिकार परत घेता यावा. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचं खातं बंद व्हावं. कंत्राटदाराचं काम संपलं की त्याचंही. सामायिक पासवर्ड परत कसा घेणार? तो डोक्यात राहतो.

दोन खाती मात्र सहज नजरेतून सुटतात. एक, व्हॉइसमेल आणि ईमेल जोडणारं सेवा-खातं. ते कोणा माणसाचं नसतं, पण बऱ्याचदा त्याला सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये शिरता येतं. त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे लिहून ठेवा. दुसरं, यंत्राच्या मुळाशी असलेलं प्लॅटफॉर्मचं खातं. सिस्कोच्या यंत्रणेत त्याचा पासवर्ड हरवला, तर तो बदलताना ड्राइव्हमधली डिस्क काढून पुन्हा घालायला लावतात. का? तुम्ही खरंच यंत्राजवळ आहात याची खात्री पटावी म्हणून. म्हणजे शेवटची किल्ली त्या खोलीच्या दाराचीच. यंत्रणा आता आभासी सर्व्हरवर असेल, तर तो सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या हाती.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे आयटीत एकच माणूस आहे. मग वाटणार काय?)

चांगला प्रश्न. एकाच माणसाला दोन खाती द्या. रोजच्या कामाचं मेलबॉक्स असलेलं, आणि अ‍ॅडमिनचं मेलबॉक्स नसलेलं. दुसरं, नोंदी त्याने स्वतः तपासू नयेत. महिन्यातून एकदा अकाउंट्समधल्या कोणी बघाव्यात. बघणाऱ्याला तांत्रिक ज्ञान फारसं लागत नाही. रात्री दोन वाजता पिन का बदलला, एवढं विचारता आलं तरी पुरे. आणि तिसरं, आणीबाणीसाठी पासवर्डचं लाखबंद पाकीट तिजोरीत ठेवा. उघडलं की तारीख, वेळ, सही, आणि लगेच नवा पासवर्ड.

कायद्याचंही एक सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण केवळ दंडाच्या भीतीने हे करू नका. कोणीतरी विश्वासाने बोलून ठेवलेला निरोप आपल्या ताब्यात आहे. तो कोणी ऐकला, कोणी पुसला, या प्रश्नाला एका नावाचं उत्तर असलं पाहिजे. उद्या कामावर गेलात की एवढं विचारा: आपल्याकडे 'अ‍ॅडमिन' म्हणजे नक्की कोण?

इथेच थांबतो.