पदवी हातात, नाव गरिबीच्या रकान्यात

अमेरिकेतल्या मंगोलियन लोकांविषयीचे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचणारा थबकतो. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या सरकारी आकडेवारीवरून केलेल्या पाहणीत पंचविशी गाठलेल्या मंगोलियनांपैकी सुमारे ६० टक्के लोक पदवीधर निघाले. अमेरिकेतल्या सगळ्या प्रौढांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश भरते. आणि याच मंगोलियनांपैकी चारातला एक दारिद्र्यरेषेखाली होता, म्हणजे देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. आशियाई गटांमध्ये एवढे दारिद्र्य त्यांच्याखेरीज फक्त बर्मी लोकांत आढळले. त्याच यादीत भारतीयांचे दारिद्र्य ६ टक्के होते.

इतके शिकलेले लोक इतके गरीब कसे?

स्थलांतरितांच्या गटांची तुलना करणारे तक्ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार होतात. उत्पन्न, शिक्षण, घराची मालकी, बेकारी असे रकाने आखायचे, दोन समाज निवडायचे आणि कोण पुढे, कोण मागे ते सांगायचे. अशा तक्त्यांत कधी कधी मंगोलियनांच्या शेजारी बहामियन येऊन बसतात. दोन्ही समाज लहान. मंगोलियन सुमारे सत्तावीस हजार, तर आपले मूळ बहामाचे असल्याचे सांगणारे पन्नास हजारांच्या आसपास. एक समाज फ्लोरिडासमोरच्या बेटांवरून जवळजवळ दोनशे वर्षे ये-जा करत आला आहे, दुसऱ्याचा बहुतांश भाग १९९० नंतर विमानाने आला. बहामियनांची भाषा इंग्रजी, मंगोलियनांना ती शाळेनंतर कष्टाने शिकावी लागली. या दोघांत पुढे कोण, हे तक्ता चटकन सांगतो. दोघे कोणत्या दाराने आत आले आणि आत आल्यावर त्यांना कुठे उभे केले गेले, हे मात्र तक्त्यात कुठेच नसते. खरी गोष्ट तिथेच आहे.

बहामाचे बिमिनी बेट फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकात बहामाचे लोक शिडाच्या होड्यांतून फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावर येत. खडकांवर आपटून फुटलेल्या जहाजांतला माल काढणे, समुद्रातले स्पंज आणि कासवे पकडणे ही त्यांची कामे. १८८० च्या दशकात ते मुख्य भूमीवरच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये स्थिरावू लागले. मायामी शहर तेव्हा जन्मालाही आले नव्हते. त्या भागातली जमीन म्हणजे पातळ मातीखाली चुनखडकाचे थर. असाच खडक बहामात असल्याने त्यात भिंत कशी उभारायची आणि फळझाड कसे जगवायचे हे या लोकांना ठाऊक होते. उत्तरेकडून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना ते ज्ञान नव्हते.

उद्योगपती हेन्री फ्लॅग्लरची रेल्वे १८९६ च्या एप्रिलमध्ये तिथे पोहोचली आणि २८ जुलैला मायामी शहराची रीतसर स्थापना झाली. त्या सभेत मत देणाऱ्या ३६८ पुरुषांपैकी १६२ काळे होते. त्यांत बहामाहून आलेले बरेच. शहर होण्यासाठी लागणारी मतदारसंख्या त्यांच्यामुळे भरली. पुढे त्याच शहराने त्यांना रुळांपलीकडच्या वेगळ्या वस्तीत राहायला भाग पाडले. ती वस्ती आज ओव्हरटाउन म्हणून ओळखली जाते.

एबेनीझर स्टिरप यांची हकीकत या काळाबद्दल बरेच सांगते. बहामातल्या हार्बर आयलंडवर १८७३ मध्ये जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी की वेस्टला आला, सुतारकाम शिकला आणि पुढे कोकोनट ग्रोव्हला गेला. मिळेल त्या पैशातून जमिनीचे तुकडे घेत त्यांनी शंभराहून अधिक घरे बांधली आणि ती आपल्याच बेटांवरून येणाऱ्यांना भाड्याने किंवा विकत दिली. काळ्या माणसाला बँक कर्ज देत नसे, त्या काळात त्यांनी एका अख्ख्या वस्तीला स्वतःचे छप्पर मिळवून दिले. कोकोनट ग्रोव्हमधल्या जुन्या काळ्या कुटुंबांकडे घराची मालकी आली त्यात अशा माणसांचा मोठा वाटा आहे.

१९२० मध्ये मायामीत बहामाचे सुमारे ४,८०० काळे लोक होते, शहरातल्या काळ्या लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त. घरी ते ब्रिटिश प्रजाजन होते. रस्त्यावरून गोरा माणूस आला की बाजूला सरायची त्यांना सवय नव्हती, आणि अन्याय झाला तर ते ब्रिटिश वकिलातीकडे दाद मागत. दक्षिणेच्या गोऱ्या समाजाला हे खुपले. १९२१ मध्ये रेव्हरंड हिग्ज या धर्मोपदेशकाला बुरखाधाऱ्यांनी पळवून नेले आणि धमकावून मायामी सोडायला लावले. ते बहामाच्या राजधानीत, नासाऊला निघून गेले. १९२४ च्या कायद्याने देशाचे दार आवळले. मग १९४३ मध्ये महायुद्धामुळे शेतावर माणसे कमी पडू लागली, तेव्हा तेच दार मुदतीच्या मजुरांसाठी किलकिले झाले. बहामियन त्या व्यवस्थेला नुसते 'द कॉन्ट्रॅक्ट' म्हणत. १९६६ पर्यंत हजारो बहामियनांनी अमेरिकेतली फळे तोडली, ऊस कापला, भाजी काढली. मजुरीचा चौथा हिस्सा कापून थेट बहामाला पाठवला जाई. काम संपले की परत जायचे, हा करारच होता. कायमचे येऊन राहायचे तर १९५२ च्या कायद्याने एकेका वसाहतीला वर्षाला फक्त शंभर व्हिसा ठेवले होते.

एवढे झाल्यावर १९६० च्या दशकात ओव्हरटाउनच्या छातीवरून महामार्ग नेण्यात आला. हजारो लोकांना घरे सोडावी लागली, दुकाने आणि नाट्यगृहे गेली. भाडेकरूंना भरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या साठणारी संपत्ती ही बहुतेक अमेरिकन कुटुंबांत घराच्या रूपाने साठते. ज्या समाजाचे घर कधी कायद्याने, कधी बुलडोझरने आणि आता कोकोनट ग्रोव्हमधल्या चढ्या करांनी आणि बिल्डरांच्या बोलीने हातातून सुटत राहिले, त्याच्या नातवंडांचे आजचे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीखाली दिसले, तर त्याचे कारण त्यांच्या मेहनतीत शोधणे हा धडधडीत अन्याय आहे.

मंगोलियनांचे दार वेगळे. मंगोल वंशाचे पहिले मोठे जथे खुद्द मंगोलियातून आलेच नाहीत. व्होल्गाकाठचे काल्मिक लोक दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकले होते. अमेरिकेत आशियाई वंशाच्या माणसाला प्रवेश जवळपास बंद होता. काल्मिक वंशाने आशियाई असले तरी शतकानुशतके युरोपात राहिलेले आहेत, असा निर्णय १९५१ मध्ये झाला आणि त्यांची काहीशे माणसे फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीत उतरली. न्यू जर्सीच्या हॉवेलमध्ये काल्मिक भिक्षू गेशे वांग्याल यांनी १९५० च्या दशकात बौद्ध मठ स्थापला. 

खुद्द मंगोलियाशी अमेरिकेचे राजनैतिक संबंधच २७ जानेवारी १९८७ ला जुळले. १९९० मध्ये तिथे एकपक्षीय राजवट गेली, सोव्हिएत मदत आटली आणि कारखाने बंद पडले. १९९९ ते २००२ असे लागोपाठ तीन हिवाळे जुदाचे आले. जुद म्हणजे उन्हाळ्यातल्या दुष्काळानंतर येणारा असा बर्फाळ हिवाळा की गुरांना खुरांनी बर्फ उकरूनही गवत मिळत नाही. त्या तीन वर्षांत सुमारे १.१ कोटी जनावरे मेली. २००९-१० च्या जुदाने पुन्हा तसाच तडाखा दिला. कळप गमावलेली कुटुंबे राजधानी उलानबातरच्या कडेला तंबू ठोकून राहू लागली. शहरातल्या शिकलेल्या तरुणांनी परदेशाची वाट धरली. सर्वांत जास्त दक्षिण कोरियात गेले, काही अमेरिकेत.

समाजवादी राजवटीने मंगोलियाला एक मोठी गोष्ट दिली होती, ती म्हणजे शिक्षण. साक्षरता जवळपास पूर्ण. मुलग्याला कळपामागे ठेवून मुलीला शिकायला पाठवण्याचीही रीत पडली, त्यामुळे तिथल्या विद्यापीठांत मुली जास्त दिसतात. अमेरिकेत आलेला मंगोलियन बऱ्याचदा डॉक्टर, अभियंता किंवा शिक्षक असायचा. डेन्व्हर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टनशेजारचे अर्लिंग्टन ही त्यांची ठिकाणे झाली. पण उलानबातरची वैद्यकीय पदवी अमेरिकेत थेट चालत नाही. पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रशिक्षण, तेही इंग्रजीत. तोवर हॉटेलातल्या खोल्या आवरणे, वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, ट्रक चालवणे. अनेक जण विद्यार्थी व्हिसावर आलेले असतात. त्यांना सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला वीस तासच काम करता येते, आणि फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे जास्त.

इथे मोजणीचा एक बारकावा समजून घ्यायला हवा. अमेरिकेत दारिद्र्य मोजताना रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने बांधलेले कुटुंब धरले जाते. कॉलेजच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी या मोजणीतून वगळतात, बाहेर खोली घेऊन राहणारा मात्र धरतात. अर्लिंग्टनमध्ये एक घर चार मंगोलियन तरुणांनी मिळून घेतले आहे असे समजू. ते एकमेकांचे नातलग नाहीत. म्हणून प्रत्येकाचे उत्पन्न स्वतंत्र मोजले जाईल. २०१९ मध्ये एकट्या माणसासाठी रेषा वर्षाला सुमारे १३,३०० डॉलरची होती. चौघेही तिच्याखाली असले तर ते चार गरीब ठरतात. पण 'घराचे उत्पन्न' या दुसऱ्या रकान्यात चौघांची कमाई एकत्र येते आणि तेच घर पन्नास हजारांचे दिसू शकते. घर एक, माणसे तीच, आणि तक्त्यात दोन वेगळी चित्रे. कोणता रकाना दाखवायचा यावर त्या समाजाची कहाणी यशाची की दैन्याची, हे ठरून जाते.

भारतीयांच्या ६ टक्क्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. एच-१बी व्हिसापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांना मिळतात आणि तो व्हिसा मिळतो तो हातात नोकरीचा कागद असलेल्यालाच. पुण्याहून न्यू जर्सीला जाणारा संगणक अभियंता विमानात बसतो तेव्हाच त्याचा पगार ठरलेला असतो. त्याची मेहनत खरी आहे, त्याबद्दल अभिमान वाटणेही स्वाभाविक आहे. पण या यशाचा दाखला देऊन दुसऱ्या समाजांना 'तुम्हाला का जमत नाही' असे विचारले जाते, तेव्हा मराठी माणसाने तरी त्या सुरात सूर मिसळू नये. निवड दारातच झाली होती.

बहामियन आणि मंगोलियन यांचा परत जाण्याचा हिशेबही निराळा. बहामाचा डॉलर अमेरिकी डॉलरशी एकास एक बांधलेला आहे, तिथे आयकर नाही, आणि पर्यटनामुळे तो देश आज उच्च उत्पन्नाच्या देशांत मोजला जातो. मायामीत शिकलेल्या बहामियन परिचारिकेला नासाऊला परतणे परवडते. त्यामुळे बरेच जण परततात, आणि अमेरिकेच्या मोजणीतून गळतात. एका डॉलरला मंगोलियाचे तीन हजारांहून अधिक तुग्रिक येतात. म्हणून पदवी बाजूला ठेवून खोल्या आवरणाऱ्या बाईलाही दोन वर्षे आणखी थांबावेसे वाटते. तिने पाठवलेल्या पैशावर उलानबातरमध्ये भावंडांचे शिक्षण चालते. अमेरिकेच्या तक्त्यात तिचे नाव गरिबांत जाते, आणि घरी तीच कर्ती असते.

मोजणीतून गळण्याचा आणखी एक प्रकार फक्त बहामियनांच्या वाट्याला आला. मंगोलियन माणूस जनगणनेत वंशाच्या प्रश्नावर आशियाई गटात आपले मूळ लिहितो, त्याची मुलेही तेच लिहितात. बहामियनाला वंशाच्या रकान्यात 'काळा' एवढीच खूण करता येत असे. बहामा हे नाव आले तर पूर्वजांविषयीच्या वेगळ्या प्रश्नात, आणि तो प्रश्न दरवर्षी सुमारे पस्तीस लाख घरांनाच विचारला जातो. तिसऱ्या-चौथ्या पिढीला आजोबांचे बेट आठवतेच असे नाही. अभिनेते सिडनी पॉइटिए यांचे आईवडील बहामातल्या कॅट आयलंडचे टोमॅटो पिकवणारे शेतकरी. माल विकायला मायामीला आले असताना १९२७ मध्ये सिडनी दिवसांआधीच जन्मले आणि जन्माने अमेरिकन नागरिक झाले. लहानपण बहामात गेले, पंधराव्या वर्षी ते मायामीला परतले आणि १९६४ मध्ये प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारे पहिले काळे अभिनेते ठरले. त्यांच्यासारख्यांची पणतवंडे आज स्वतःला काय लिहीत असतील, त्यावर बहामियनांची सरासरी वर-खाली होते.

२०२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच 'काळा' या खुणेखाली एक रिकामी ओळ दिली गेली. तिथे आपले मूळ, बहामा, जमैका, हैती किंवा नायजेरिया, स्वतःच्या हाताने लिहिता आले. मायामी उभे करणाऱ्या लोकांना हा हक्क मिळायला शहराच्या स्थापनेनंतर १२४ वर्षे लागली.