लिंबाचा वास आधी का उडतो?

परफ्यूम मनगटावर मारला की पहिली काही मिनिटे लिंबू-संत्र्याचा तजेला जाणवतो. अर्ध्या तासाने त्या जागी जाई-मोगऱ्याच्या जातीचा वास येतो आणि संध्याकाळी काहीतरी मंद, उबदार उरते. परफ्यूमवाले यांना ‘टॉप’, ‘मिडल’ आणि ‘बेस’ नोट म्हणतात आणि त्रिकोणी मनोरा काढून दाखवतात. त्या चित्रामुळे वाटते की वासाचे तीन थर आहेत आणि एक संपला की दुसरा सुरू होतो. प्रत्यक्षात थर नसतातच. फवारा त्वचेवर पडल्या क्षणी सगळेच रेणू उडू लागतात. फरक फक्त वेगाचा.

सर्वांत आधी जाते अल्कोहोल. मग पाळी येते लिमोनीनची. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त हेच असते. नागपुरी संत्र्याची साल दुमडली की जो झोंबरा फवारा उडतो, तो मुख्यतः याचाच. लिमोनीनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नाही. त्यामुळे शेजारच्या रेणूंना ते घट्ट धरत नाही आणि त्वचेच्या बत्तीसेक अंशांच्या उबेलाही चटकन हवेत निसटते. लिंबाचा वास टिकला नाही म्हणून परफ्यूम भेसळीचा ठरत नाही.

हलका रेणू आधी उडतो, हा नियम बहुतेक वेळा चालतो, नेहमी नाही. मोगऱ्याच्या अर्कात इंडोल असते. त्याचा रेणुभार ११७, म्हणजे लिमोनीनच्या १३६ पेक्षा कमी. तरी लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते आणि इंडोलला २५४ अंश लागतात. इंडोलमधल्या नायट्रोजनमुळे त्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून ते मागे रेंगाळते. एकवटलेल्या इंडोलला चक्क घाण वास येतो. पण त्याचा अंश असला तरच मोगरा खरा वाटतो.

परफ्यूम बनवणाऱ्याची खरी अडचण मधल्या सांध्याची असते. लिंबू उडून गेले आणि फूल अजून वर आले नाही, तर वास तुटतो. हा सांधा जोडायला बर्गमॉट कामी येते. इटलीच्या दक्षिण टोकाच्या कॅलाब्रियात पिकणारे हे आंबट फळ. त्याच्या सालीच्या तेलात लिमोनीनबरोबर लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट भरपूर असते, आणि ही दोन्ही लिमोनीनपेक्षा सावकाश उडतात. लिनालूल तर कितीतरी फुलांतही असते. त्यामुळे फळ कुठे संपले आणि फूल कुठे सुरू झाले, हे नाकाला कळत नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये सुरू झालेल्या फारिना घराण्याच्या ‘ओ द कोलोन’ची भिस्तही अशाच फळांच्या तेलांवर होती.

पुढची झेप रसायनशाळेतून आली. जाईच्या तेलाचा अभ्यास करताना फिर्मेनिश या स्विस कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती हेडिओन हा रेणू लागला. त्याचा वास जाईसारखा, पण पातळ आणि मोकळा. सामान्य तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याची ओढ, हेडिओनच्या हजार पटींहून जास्त असतो. म्हणजे हेडिओन तासन् तास टिकते. परफ्यूमकार एदमों रुदनित्स्का यांनी १९६६ मध्ये दिओरसाठी केलेल्या ‘ओ सोव्हाज’मध्ये ते वापरले. लिंबू गेल्यावरही ताजेपणा रेंगाळतो, तो याच्या बळावर.

बाकीचे त्वचा आणि नाक ठरवतात. सुगंधी रेणू तेलात सहज विरघळतात. त्यामुळे तेलकट त्वचा त्यांना धरून ठेवते आणि कोरड्या त्वचेवरून ते लवकर जातात. नाकही तोच वास सतत आला की त्याची दखल घेणे थांबवते. आपल्याला वाटते परफ्यूम संपला; शेजारी बसलेल्याला तो व्यवस्थित येत असतो. कृत्रिम कस्तुरीचे काही मोठे रेणू तर काही माणसांना मुळात जाणवतच नाहीत.

दुकानात कागदी पट्टी हुंगून लगेच बाटली घेणे म्हणूनच तोट्याचे. कागदाला ना ऊब, ना तेल. आणि ज्या वासावर भाळून पैसे मोजले, तो घरी पोहोचेपर्यंत उडालेला असतो. त्यापेक्षा मनगटावर एक फवारा घ्यावा, बाजारातली बाकीची कामे उरकावीत आणि तासाभराने हुंगून मग ठरवावे.