व्यायाम आणि शेतकऱ्याचें मन

व्यायामाची गोष्ट काढतांच, "दिवसभर शेतांत राबणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला?" असा प्रश्न आमचे पुष्कळ वाचक करतील. प्रश्न रास्त आहे. परंतु नागपूर-अमरावतीकडील जमीनदार शेतकऱ्याचें काम आतां बरेंच बदललें आहे. नांगरट ट्रॅक्टरनें होते, वेचणी मजूर करतात, आणि मालकाचा दिवस बँक, सोसायटी व बाजार यांच्या फेऱ्यांत, तोहि मोटारसायकलवर, जातो. शरीर बसलेलें आणि मन मात्र कपाशीचा भाव, संत्र्याचा गळणारा बहार व कर्जाचा हप्ता यांच्यामागें धांवत असतें.

शिवाय श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. खुषीनें, फावल्या वेळीं केलेल्या हालचालीचा मनःस्वास्थ्याशीं जो संबंध पाहण्यांत आढळतो, तो पोटासाठीं कराव्या लागणाऱ्या कष्टांशीं तितकासा आढळत नाहीं. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. डोक्यावर गठ्ठा असतांना मनावरचा भार हलका कसा व्हावा?

मेंदूंत हिप्पोकॅम्पस नांवाचा एक भाग स्मृति व भावना यांशीं निगडित आहे. दीर्घकाळ खिन्नतेनें ग्रासलेल्यांत तो सरासरीनें लहान आढळतो. व्यायामानें बी. डी. एन. एफ. नांवाचें प्रथिन वाढतें. पिकास खत, तसें तें मेंदूच्या पेशींस. अमेरिकेंत १२० वयस्कांवर प्रयोग झाला व त्याचें फळ २०११ सालीं प्रसिद्ध झालें. वर्षभर आठवड्यांतून तीन दिवस चालणाऱ्यांचा हा भाग सुमारें २ टक्के वाढला; नुसते अंग ताणण्याचे प्रकार करणाऱ्यांचा किंचित् घटला. हे लोक खिन्नतेचे रोगी नव्हते, हें मात्र ध्यानांत ठेवावें. रोग्यांवरील प्रयोग ड्यूक विद्यापीठाचा, १९९९ चा. पन्नाशी उलटलेल्या १५६ रोग्यांत १६ आठवड्यांअखेर व्यायामाचा गुण औषधाच्या जवळपास आला. औषधाचा गुण मात्र लवकर दिसला. म्हणून चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

आपल्या प्रांतास व्यायाम नवा नाहीं. वैद्य बंधूंनीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापिलें. तरी मल्लखांबच हवा असें नाहीं. आठवड्यांत दीडशें मिनिटें झपझप चालणें पुरेसें आहे. वैशाखांत नागपुराकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां उजाडण्यापूर्वींच निघावें. खिन्न मनुष्यास अंथरुणांतून उठणेंच जड जातें. त्यास उपदेश न करतां शेजाऱ्यानें दारांत येऊन हांक मारावी व गांवाच्या शिवेपर्यंत बरोबर न्यावें. आरंभीं दहा मिनिटें झालीं तरी चालतील.

कोणी जगण्यास विटल्याची भाषा बोलूं लागला, तर मात्र व्यायामावर विसंबूं नये. त्यास एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा टेलिमानस हा विनामूल्य दूरध्वनि चालू आहे. त्याचा क्रमांक १४४१६, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.