घोड्यांची गाडी सुरू का होत नाही?

पुण्यात आणि मुंबईला महालक्ष्मी येथे घोड्यांच्या शर्यतींची मैदाने आहेत. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात असतो, तर पुण्याचा पावसाळ्यात. हंगाम बदलला, की घोड्यांनाही गाव बदलावे लागते. त्यांची ने-आण करण्यासाठी खास लॉऱ्या असतात.

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा. पहाटेची वेळ आहे. पुण्यातील एका तबेल्यासमोर अशीच एक लॉरी उभी आहे. तीन दिवस ती जागची हललेली नाही. चार घोडे आत चढले आहेत. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. 'टक्' एवढाच आवाज येतो. इंजिन सुरू होत नाही. ऊन चढण्यापूर्वी घाट उतरायचा आहे. बंद गाडीत हवा खेळत नाही. पंखेही फिरत नाहीत. घोडे बेचैन होऊन पाय आपटू लागतात. घाबरलेला घोडा स्वतःलाही जखमी करतो आणि जवळच्या माणसालाही. आता काय करावे?

पहिले काम बॅटरीचे नाही, घोड्यांचे आहे. मोतद्दार त्यांना एकेक करून शांतपणे खाली उतरवतात आणि पाणी पाजतात. मगच गाडीकडे पाहायचे.

कोणी म्हणेल, "बॅटरी खराब झाली, नवी आणा." पण गळक्या माठात कितीही पाणी ओतले तरी तो रिकामाच होतो. आधी गळती कोठे आहे ते शोधले पाहिजे.

लॉरीत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. दोन्ही मिळून २४ व्होल्ट होतात. गाडी बराच वेळ बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. निम्मी उतरलेली बॅटरी सुमारे १२.२ व्होल्ट दाखवते. पाहा, फरक किती थोडा आहे! म्हणून नुसत्या अंदाजावर न जाता मीटर लावावा लागतो.

आपल्या लॉरीच्या दोन्ही बॅटऱ्यांचा एकत्रित दाब २४.६ व्होल्ट भरला. आकडा तसा बरा वाटतो. पण अनुभवी वायरमन तेवढ्यावर थांबत नाही. तो प्रत्येक बॅटरी वेगळी मोजतो. एक १२.७ निघाली आणि दुसरी ११.९! म्हणजे एक भरलेली आणि एक जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू करायला मोठी विद्युतधारा लागते. ती दोन्ही बॅटऱ्यांतून वाहते. एक दुबळी असली, की दुसरीचे बळ वाया जाते.

आता गळतीचा शोध. सर्व दिवे व पंखे बंद करून किल्ली काढतात. बॅटरीची ऋण केबल सोडवून, केबल व बॅटरी यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडतात. अशा वेळी इंजिन सुरू करायचे नसते, नाहीतर मीटर जळतो. गाडी बंद असताना अगदी थोडी धारा वाहणे ठीक आहे. पण आपला मीटर १ अँपिअर दाखवतो. मग एकेक फ्यूज काढून पाहतात. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्या वाटेवर दोष असतो.

सगळे फ्यूज काढले, तरी आकडा हलला नाही. याचा अर्थ काय? विजेची ही वाट फ्यूजच्या पेटीतून जातच नाही! वायरमनने बॅटरीपासून वायर धुंडाळत नेली. ती पोहोचली मागच्या कप्प्यात. तेथे गवताच्या गासड्यांमागे १२ व्होल्टचा एक दिवा जळत होता. दार लावल्यावर तो कोणालाच दिसत नव्हता.

हा दिवा कोणी वाईट हेतूने लावला नव्हता. घोडा अंधाऱ्या जागेत शिरायला बिचकतो. म्हणून कोणीतरी दिवा बसवला, पण तो एकाच बॅटरीला जोडला. दर तासाला १ अँपिअर-तास म्हणजे तीन दिवसांत ७२ अँपिअर-तास खर्च झाले. बॅटरी होती १०० अँपिअर-तासांची. उरणार ते काय? शिवाय गाडी चालू असताना भरलेल्या बॅटरीला जास्त दाब मिळून तिचे पाणी आटते, आणि रिकामी उपाशीच राहते. सर्वांत मोठा धोका वेगळाच होता. त्या वायरला फ्यूज नव्हता आणि शेजारी वाळलेले गवत होते. वायर घासून उघडी पडली असती, तर आग लागली असती.

उपाय सोपा होता. २४ व्होल्टचा दिवा बसवला. त्याची वायर फ्यूजमधून नेली. बटण ड्रायव्हरसमोर आणले. उतरलेली बॅटरी वेगळी भरून घेतली.

दोष नेहमी असाच असतो असे नाही. कधी डायनामोचा पट्टा सैल होतो आणि बॅटरी भरतच नाही. कधी टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. घोड्यांच्या मुताने आणि जमीन धुण्याच्या पाण्याने गाडीखालचे अर्थिंगचे जोड गंजतात. मग दिवे मंद होतात. म्हणून सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात.

एक लक्षात ठेवा. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ काडी पेटवू नये. केबल काढताना ऋण आधी काढावी आणि जोडताना शेवटी जोडावी. हातात अंगठी किंवा कडे नसावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. आणि हे काम तुम्ही जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

मित्रांनो, घोड्याला आपली अडचण सांगता येत नाही. त्याची काळजी ज्याच्या हाती आहे, त्याने प्रवासाआधी दार उघडून आत एकदा डोकावायला हवे.

स्वाध्याय
१. घोड्यांना आधी खाली का उतरवले?
२. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या का मोजल्या?
३. सर्व फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, यावरून काय समजले?
४. हाच दिवा दोन दिवस जळला असता, तर किती अँपिअर-तास खर्च झाले असते?
५. 'गळका माठ' ही उपमा बॅटरीला कशी लागू पडते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.