नमुन्यांच्या शहरात ऑनलाइन दुकानदारांचा मेळा

कापडाच्या धंद्यात नमुन्याला मोठे स्थान आहे. ताका उलगडून न पाहता हातभर तुकड्यावर सौदा ठरतो आणि मागाहून येणारा माल त्या तुकड्यासारखाच निघाला तर पेढीचे नाव राहते. गेली तीस वर्षे आम्ही हेच करीत आलो आहोत. आमचा भाचा २०१७ साली जर्मनीतील लाइपझिग शहरी ऑनलाइन दुकाने बनवणाऱ्यांच्या परिषदेला जाऊन आला. त्याने जे सांगितले त्यातील निम्म्या गोष्टी आम्हाला ओळखीच्या वाटल्या. उरलेल्या निम्म्या आमच्या व्यापारी आणि कारीगर बांधवांनीही समजून घ्याव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

भाचा पुण्यात युरोपातील दुकानदारांसाठी वेबसाईट तयार करणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या हुद्द्याला 'फ्रंटएंड डेव्हलपर' म्हणतात. याचा अर्थ आम्ही आमच्या भाषेत असा लावला. दुकानाचे दोन भाग असतात. मागे गोदाम, साठ्याची वही, देण्याघेण्याचा हिशेब. पुढे गादी, मांडलेला माल, भावाची चिठ्ठी आणि पावती. ऑनलाइन दुकानाचा हा पुढचा भाग, म्हणजे गिऱ्हाइकाला मोबाईलवर जे दिसते आणि ज्यावर त्याचे बोट पडते तो भाग, रचणारा कारीगर म्हणजे आमचा भाचा.

ज्या सॉफ्टवेअरवर तो काम करतो त्याचे नाव मॅजेंटो. ते २००८ साली अमेरिकेतून बाहेर पडले. त्याची एक आवृत्ती कोणालाही फुकट घेता येते, उघडून पाहता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. २०११ साली ते ईबे कंपनीने आणि २०१८ साली १६८ कोटी डॉलर मोजून अडोबी कंपनीने घेतले. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे मेळे 'मीट मॅजेंटो' या नावाने देशोदेशी भरतात. भाचा गेला तो त्यांपैकी लाइपझिगचा.

शहर कसले?

भाच्याला शहराविषयी फारशी माहिती नव्हती. आम्ही चौकशी केली आणि थक्क झालो. लाइपझिग हे शेकडो वर्षांचे व्यापारी शहर आहे. १४९७ आणि १५०७ साली सम्राट माक्सिमिलिआन याने तिथल्या जत्रेला सनदा दिल्या आणि आसपासच्या मोठ्या टापूत दुसरी जत्रा भरवायला मनाई केली. पूर्वेकडचे व्यापारी फर, कातडी आणि कापड घेऊन येत आणि माल तिथेच विकून जात.

पुढे रेल्वे आली, कारखाने आले. एकाच साच्यातून हजारो नग एकसारखे निघू लागले. मग सगळा माल गाड्यांवर लादून जत्रेत आणायचे कारण उरले नाही. १८९५ साली लाइपझिगने जत्रेची रीतच बदलली. व्यापाऱ्याने फक्त नमुना आणायचा, गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची, माल कारखान्यातून परभारे पोहोचायचा. या नमुना-मेळ्याला जर्मन भाषेत 'मुस्टरमेसे' म्हणतात. एकावर एक असे दोन 'एम' ही त्याची खूण १९१७ सालापासून प्रसिद्ध आहे.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ऑनलाइन दुकान म्हणजे दुसरे काही नसून हाच नमुना-मेळा आहे. फरक एवढाच की त्या काळी नमुना हाताने चोळून पाहता येत होता. आज मोबाईलच्या काचेवर फोटो तेवढा दिसतो. बोटाला कापड लागत नाही, सूत कळत नाही, वजन कळत नाही. म्हणून फोटोखाली लिहिलेल्या चार ओळींनाच बोटाचे काम करावे लागते.

याच शहरात १८८४ साली एक सूतगिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती युरोप खंडातील सर्वांत मोठी मानली जात होती. तिच्यात सुमारे २ लाख ४० हजार चात्या फिरत. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिथले सूत थांबले. आता त्या इमारतींत चित्रकारांचे स्टुडिओ आणि कलादालने आहेत. भाचा एका संध्याकाळी तिथे फिरून आला. "मामू, विटांच्या भिंती आणि उंच खिडक्या तशाच आहेत. फक्त आवाज नाही," असे तो म्हणाला. ज्यांनी यंत्रमागाच्या खटखटाटात आयुष्य काढले त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

आणि शहर रिकामे पडले असे मात्र नाही. अमेझॉनने २००६ साली तिथे मोठे गोदाम उघडले. २००८ पासून डीएचएल या कुरिअर कंपनीचे मोठे हवाई केंद्र तिथल्या विमानतळावर आहे. अमेझॉनच्या त्याच गोदामातील कामगारांनी २०१३ साली पगाराच्या करारासाठी संप केला. जत्रा, गिरणी, गोदाम, विमान : व्यापार गेला नाही, त्याने कपडे बदलले.

विद्या लपवून ठेवत नाहीत

परिषदेत भाच्याला सर्वांत नवल वाटले ते माणसांच्या वागण्याचे. एकमेकांची गिऱ्हाइके पळवणाऱ्या कंपन्यांचे कारागीर एकाच सभागृहात बसतात. एकजण उभा राहून सांगतो की आमचे दुकान अमुक ठिकाणी अडकत होते, आम्ही ते असे सोडवले. समोरचा ते टिपून घेतो आणि चहाच्या वेळी येऊन त्यातली चूक दाखवतो. सांगणारा रागावत नाही, धन्यवाद देतो.

आमच्याकडे रंगारी रंगाचे प्रमाण सख्ख्या भावाला सांगत नाही. त्यालाही कारण आहे, कारण तीच त्याची रोजी. पण मॅजेंटोचे गणित निराळे आहे. पाया सर्वांचा एकच असल्याने पायातील भेग एकाने बुजवली की सर्वांचे घर सावरते. २०१८ नंतर मोठ्या कंपनीच्या हाती हे सॉफ्टवेअर गेल्यावर पायाची काळजी कोण घेणार अशी शंका आली, तेव्हा याच कारागिरांनी एकत्र येऊन 'मॅज-ओएस' नावाने त्याची समांतर जपणूक सुरू केली. एकेकट्याला ते कधीच जमले नसते.

एका बटणाचा कायदा

जर्मनीत १ ऑगस्ट २०१२ पासून असा कायदा आहे की ऑनलाइन दुकानातील शेवटच्या बटणावर 'पैसे देण्याच्या बांधिलकीसह मागणी' अशा अर्थाचे स्पष्ट शब्द हवेत. नुसते 'पुढे' किंवा 'नोंदवा' लिहिले तर ग्राहकावर सौद्याचे बंधन येत नाही. किंमत लिहिताना कर धरूनच लिहावी लागते आणि पोचवण्याचा खर्चही आधीच सांगावा लागतो.

कापडाबाबत तर सगळ्या युरोपीय संघात नियम आहे की धाग्याचे प्रमाण टक्क्यांत लिहावे आणि ऑनलाइन विक्रीत ते खरेदीपूर्वीच ग्राहकाला दिसावे. सबंध कापड एकाच धाग्याचे असेल तरच 'शुद्ध' हा शब्द लावता येतो. पॉलिएस्टर मिसळून 'प्युअर कॉटन' म्हणणाऱ्यांची तिथे गय नाही.

भाच्याचे काम इथेच येते. कायदा वकील सांगतो, पण ती ओळ मोबाईलच्या चार बोटे रुंद काचेवर कुठे बसवायची की गिऱ्हाइकाला ती दिसेल आणि हातही अडणार नाही, हे फ्रंटएंडवाल्याने ठरवायचे. २८ जून २०२५ पासून युरोपात आणखी एक जबाबदारी आली आहे. अंध आणि अपंग ग्राहकांनाही ऑनलाइन दुकान वापरता आले पाहिजे. अगदी लहान दुकानदारांना यातून सूट आहे.

परत येणारा माल

आता धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतो. जर्मनीत तर बिलावर खरेदीची रीतही फार जुनी आहे, म्हणजे माल आधी घरी, पैसे मागाहून. आमच्या उधारीचीच ही बहीण. परिणाम असा की गिऱ्हाईक एकच कुडता तीन मापांत मागवते आणि दोन परत पाठवते.

बर्लिनमध्ये २००८ साली सुरू झालेली झालांडो ही कपड्यांची मोठी ऑनलाइन कंपनी स्वतः सांगते की तिचा जवळपास निम्मा माल परत येतो. तिने अनेक वर्षे १०० दिवसांची मुदत दिली होती. २०२३ साली ती ३० दिवसांवर आणली. निम्मा माल परत येऊनही उभे राहायला मोठे भांडवल लागते. लहान कारखानदार त्यात बुडेल.

आमच्या ओळखीच्या एका कशिदा कारागिराने एका मोठ्या ऑनलाइन बाजारात ओढण्या विकायला लावल्या होत्या. परत आलेल्या ओढण्यांवर अत्तराचे आणि लालीचे डाग, आणि दोन्ही वेळचे भाडे त्याच्याच खात्यातून कापलेले. चार महिन्यांत त्याने हात जोडले. त्याची कारागिरी कमी नव्हती. फोटोत लाल दिसणारी ओढणी घरी गेल्यावर मरून निघत होती आणि लांबी कुठे लिहिलीच नव्हती.

भाच्याच्या मते परतावा कमी करण्याचे खरे काम फोटो आणि माप यांवर होते. कपडा उजेडात, पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून फोटो काढावा. एक फोटो जवळून, वीण दिसेल असा. 'मीडियम' लिहून न थांबता छाती, लांबी, बाही इंचात द्यावी. वजन, धाग्याचे प्रमाण, धुतल्यावर आटते की नाही, सगळे लिहावे. आणि शिंपी बांधवांसाठी एक महत्त्वाची गोष्ट : युरोपातील तो १४ दिवसांचा नियम ग्राहकाच्या मापाने खास शिवलेल्या कपड्याला लागू नाही. मापाचे काम हे कारागिराचे किल्ल्यासारखे आहे. तयार मालाच्या लढाईत मोठ्यांशी टक्कर देण्यापेक्षा त्याने हा किल्ला राखावा.

दारातून परत जाणारे गिऱ्हाईक

ऑनलाइन दुकानात दहांपैकी सुमारे सात गिऱ्हाइके माल टोपलीत टाकून पैसे न देताच निघून जातात. डेन्मार्कमधील बेमार्ड संस्था या विषयाचा अभ्यास करते. निघून जाण्याचे मोठे कारण तिने दिले आहे ते असे की शेवटच्या पानावर अचानक भाडे, कर वगैरे वाढीव खर्च समोर येतो. खाते उघडण्याची सक्ती हेही मोठे कारण आहे. दुकानात भाव शंभर सांगून गल्ल्यावर एकशेवीस मागितले तर कोण थांबेल?

दुसरे कारण वेळ. गूगलच्या मापाप्रमाणे पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर ते पान चांगले. त्या वेळच्या मॅजेंटोच्या नव्या आवृत्तीत पुढच्या भागाचे ओझे फार, अशी तक्रार कारागीर आपसात करीत होते. भाच्यानेही ती तिथे ऐकली आणि परत आल्यावर महिनाभर फोटो हलके करणे, नको ती सजावट काढणे हेच काम केले. सजावट काढल्याने दुकान चालते, ही गोष्ट आमच्या काही शोरूमवाल्यांनीही ध्यानात घ्यावी.

उजवीकडून डावीकडे

एक गोष्ट ऐकून आम्हाला विशेष आनंद झाला. अरब देशांसाठी दुकान बनवताना सबंध पान आरशात धरल्यासारखे उलटावे लागते. मजकूर उजवीकडून सुरू होतो, टोपलीची जागा बदलते, पुढे जाण्याचा बाणही फिरतो. पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. नवख्या माणसाचा इथे गोंधळ उडतो. भाचा इंग्रजी शाळेत शिकला, पण आजीने त्याला घरी उर्दू वाचायला शिकवले होते. पान कुठे खटकते ते त्याला नजरेने कळते. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांना वाटते की या विद्येचा बाजारात काही उपयोग नाही. त्यांना हे जरूर सांगावे.

आपण काय करावे?

परदेशात परिषदेला जाणे प्रत्येकाला शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मात्र तीन कामे घरबसल्या होतात. पहिले, आपल्या मालाचे खरे माप आणि खरा धागा लिहून काढावा. दुसरे, जमातीतील किंवा मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलामुलींना या कामात घ्यावे आणि त्यांना मोबदला द्यावा. घरचा मुलगा म्हणून फुकट राबवू नये. तिसरे, कायद्याची माहिती ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल ठरीव मर्यादेच्या आत असेल आणि माल आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. तपशील आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावा.

चार-पाच कारागिरांनी मिळून एक दुकान काढले तर आणखी उत्तम. फोटो एकाचा, शिलाई दुसऱ्याची, हिशेब तिसऱ्याचा. लाइपझिगचे व्यापारी सव्वाशे वर्षांपूर्वी नमुना घेऊन उभे राहिले ते मागून जाणारा माल नमुन्याबरहुकूम असेल या भरवशावर. हा भरवसा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. तो विणणाऱ्याने मागावर आणि विकणाऱ्याने गादीवर बसूनच तयार करायचा असतो.